संताच्या टेबलाचा लिलाव

शुद्धलेखनाची माफी आधीच मागून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही वसईला चर्चशेजारी, आणि त्यातले कितीतरी दिवस आईबरोबर पानवेलीच्या मळ्यात गेले. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं, ते तेव्हाही कळलं नाही. अक्षर तर असं, की सामानाची यादी मीच लिहिते आणि दुकानात गेल्यावर मलाच वाचता येत नाही. ही वही कुणाला दाखवायची नाही. चुकून कुणाच्या हाती लागलीच तर हसावं, पण माझ्यासमोर नको.

आम्ही मेलबर्नला आलो तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. ह्यांना इथल्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचं काम मिळालं होतं. घर कोबर्गला, ट्रामच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. मुलगी शाळेत जायला लागली आणि सहा महिन्यांत इंग्रजीत भांडायला लागली. मी मात्र दाराची बेल वाजली की स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. इंग्रजी थोडंफार समजायचं. बोलायचं म्हटलं की घसा बंद.

रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, झाला की चर्चच्या अंगणात सगळे घोळक्याने उभे राहत. जास्त करून इटालियन. मी ह्यांच्या पाठीमागे उभी राहून लोकांचे हात बघत बसायची. माणसाच्या तोंडाकडे बघायची मला लाज वाटते, लहानपणापासून. हात बघायला काही वाटत नाही. हातांवरून माणूस पुष्कळ कळतो, हे माझं मत.

त्या अंगणातच सिन्योरा भेटली. सिन्योरा म्हणजे बाई, मालकीण. सगळे तिला तसंच हाक मारत. कायम काळा झगा, उंची माझ्या खांद्याइतकी, आणि आवाज रस्त्याच्या त्या टोकापर्यंत. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं ट्रामच्या रस्त्यावर मिठाईचं दुकान होतं. दोघं सिसिली बेटावरची. तिला मागच्या खोलीत ट्रे धुवायला बाई हवी होती. तिने ह्यांना विचारलं, तुझी बायको बोलते का. हे म्हणाले, फार कमी. ती म्हणाली, "मग उद्यापासून पाठव. बोलणारे माझ्याकडे भरपूर आहेत."

अशी मला नोकरी लागली. तेव्हा ईस्टर नुकतंच झालं होतं.

सिन्योराचा नवरा मिठाई बनवायचा. त्याला आम्ही मास्त्रो म्हणत असू, म्हणजे आपल्याकडे कारागिराला उस्ताद म्हणतात तसं. जाडा, हसरा, कानावर पेन्सिल. त्याचा उजवा हात मनगटाशी जरा वाकडा होता. ट्रे धुता धुता मी वर्षभर त्याचे हात बघितले. बदामाची पिठी, मधातली बिस्किटं, नळीसारख्या पोळीत भरलेलं गोड दही, सगळं मी मोरीपाशी उभी राहून शिकले, पण शिकले असं कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी मार्च आला. आपल्याकडे ते दिवस उपासकाळाचे. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस वसईला आमच्या घरी गोड शिजत नसे, लग्न नाही, वाजंत्री नाही, आई तर चहात साखरही घालायची नाही. मी इथेही तसंच पाळत होते. आणि इकडे उपासकाळाच्या ऐन मध्यावर मास्त्रो ढीगभर मैदा, अंड्यांचे खोकेच्या खोके आणि मोठी कढई काढून बसला. मला वाटलं, ह्या लोकांचा धर्म आणि आमचा धर्म एकच ना? सिन्योराने सांगितलं, एकोणीस मार्चला संत जोसेफचा सण, त्या दिवशी उपास सुटतो. संत जोसेफ सुतार होता, घर चालवणारा बाप होता, कष्टकऱ्याच्या घरी एक दिवस तरी गोड नको का? त्या सणाची जी खास मिठाई, तिला ते लोक स्फिंची म्हणतात.

स्फिंची मला बघताक्षणी ओळखीची वाटली. पाणी आणि चरबी उकळायची, त्यात मैदा एकदम ओतून घोटायचा. म्हणजे भाकरीला आपण तांदळाची उकड काढतो तीच रीत. मग उकड कोमट झाली की एकेक अंडं फोडून फेटत राहायचं, दंड भरून येईपर्यंत. तो गोळा गरम तेलात सोडला की फुगतो, आपला आपण पालथा होतो आणि एका बाजूने फुटतो. त्यावर मग रिकोटा लावायचा. रिकोटा म्हणजे नासवलेल्या दुधाचा मऊ चोथा, साखर घालून लोण्यासारखा फेटलेला. वर पिस्त्याची पूड आणि साखरेत मुरवलेली संत्र्याची साल.

सणाच्या आदल्या दिवशी मास्त्रो दोन चमच्यांनी पीठ सोडत होता आणि त्याचं मनगट भरून आलं होतं. मी बघत होते. आमच्या वसईला लग्नात फुगे तळतात. पीठ मुठीत घ्यायचं, मूठ आवळली की अंगठ्याच्या वरून गोल लिंबाएवढा गोळा बाहेर येतो, तो तेलात टाकायचा. चमचा लागत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मी एका बैठकीत दोन पायली पिठाचे फुगे तळलेले आहेत. मला राहवलं नाही. मी हात धुतले, तेलात बुडवले, मास्त्रोला जरा बाजूला सारलं आणि मुठीने स्फिंच्या सोडायला लागले. कढई भरली तेव्हा बघते तो मास्त्रो कंबरेवर हात ठेवून उभा. त्याने सिन्योराला हाक मारली. तिने सुनेला हाक मारली. तिघं माझ्या मुठीकडे बघत राहिली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मास्त्रो म्हणाला, "एक वर्ष हिला आपण ट्रे धुवायला लावले."

सिन्योरा म्हणाली, "तू लावलेस."

दुसऱ्या दिवशी पहाटे दुकानात गेले तर दुकान ओळखू येईना. मधोमध लांब टेबल, पांढरं कापड, तीन पायऱ्या, वरच्या पायरीवर संत जोसेफचं चित्र आणि लिलीची फुलं. खाली सुताराच्या करवतीच्या आणि शिडीच्या आकाराचे पाव, लिंबं, एका वाडग्यात वाळवलेले मोठे वाल, आणि कालच्या स्फिंच्यांचे डोंगर. वाल बघून मला हसू आलं. संतापुढे वाल ठेवलेले मी जन्मात बघितले नव्हते. सिन्योरा म्हणाली, आमच्या मुलखात दुष्काळ पडला तेव्हा ह्या वालांनी जगवलं. ज्याने त्याने एक दाणा घेऊन पाकिटात ठेवायचा.

रोज काउंटर सांभाळायची ती सिन्योराची सून. त्या दिवशी तिचं पोर तापलं म्हणून ती आली नाही. सिन्योरा आणि मास्त्रोला मिस्साला जायचं होतं आणि येताना फादरना टेबलाला आशीर्वाद द्यायला आणायचं होतं. म्हणून तिने मला पुढे उभं केलं. म्हणाली, एक तास सांभाळ, फक्त लोकांना हसून ये म्हण. तुला काय सांगायचं, तू पण कॅथलिक, सगळं माहीतच आहे. आणि दोघं निघून गेली.

आता मला काय माहीत होतं ते सांगते. आमच्या गावी चर्चच्या सणाला लोक देवाला वस्तू आणतात. केळ्यांचा लोंगर, कोंबडा, भोपळा, घरचा केक. मिस्सा झाला की अंगणात त्या सगळ्यांचा लिलाव होतो. चार आण्यांचा भोपळा दोन रुपयांना जातो, आणि जो जास्त बोलतो त्याचा मान मोठा. पैसे चर्चला. संतापुढची वस्तू फुकट उचलायची नाही, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही जाणतं.

पहिलं गिऱ्हाईक एक म्हातारा. तंबाखूने पिवळी पडलेली बोटं. आला, चित्रापुढे क्रूसाची खूण केली आणि सरळ एक स्फिंची उचलून तोंडात घातली.

संताची वस्तू, आणि हा चोरासारखा खातोय. एरवी मी मेले असते तरी बोलले नसते, पण त्या वेळी संताच्या जिवावर माझा घसा उघडला. काचेच्या कपाटातल्या स्फिंचीला चाळीस सेंटची पाटी होती. ही तर संतापुढची. मी हात पुढे केला आणि म्हणाले, "वन डॉलर."

म्हातारा चघळायचा थांबला. माझ्याकडे बघितलं, संताकडे बघितलं. खिशातून डॉलरची नोट काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मागे उभ्या असलेल्या बाईने ते पाहिलं आणि न विचारता पर्स उघडली. तिच्या मागच्याने तिचं पाहिलं. मग मला बोलावंच लागलं नाही. रांग आपोआप पैसे काढायला लागली. कुणी एक घेतली, कुणी चार. तासाभरात बिस्किटाचा एक डबा नोटांनी भरला. मला आयुष्यात इतका अभिमान कधी वाटला नव्हता. तो डबा मी संताच्या चित्राला टेकून ठेवला आणि वर एक लिली खोचली.

सिन्योरा फादरना घेऊन आली. डबा बघितला. हे काय, असं विचारलं. मी हळूच सांगितलं, लिलाव. संतासाठी. तो शब्द इंग्रजीत मला येत नव्हता, म्हणून मी हातोडा मारल्यासारखं करून दाखवलं आणि म्हणाले, एकेक डॉलर, सगळ्यांनी दिला.

सिन्योराचा आवाज गेला. तो गेलेला मी पहिल्यांदाच पाहिला. ती खुर्चीवर बसली. मास्त्रोने मला सांगितलं ते असं. सात वर्षांपूर्वी तो शिडीवरून पडला आणि उजवा हात मोडला. डॉक्टर म्हणाले, मूठ पुन्हा मिटणार नाही. सिन्योराने संत जोसेफला नवस केला: मूठ मिटली तर सात वर्षं तुझ्या सणाला टेबल मांडीन, दारात येईल त्याला खाऊ घालीन, ओळखीचा असो की नसो, आणि एक सेंट घेणार नाही. मूठ मिटली. सहा वर्षं टेबल झालं. आजचं सातवं, शेवटचं.

आणि शेवटच्या वर्षी मी डॉलरला एक विकून मोकळी झाले.

फादर भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडतायत. हसत होते. हसू आवरून ते सिन्योराला म्हणाले, पैसे चर्चला दे आणि विसर. ती म्हणाली, फादर, नवस तुम्ही केला नव्हता, मी केला होता. मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, गेली नोकरी.

ती म्हणाली, "ज्याच्याकडून घेतलेस त्याला परत दे. शेवटचा सेंट. ईस्टरची घंटा वाजायच्या आत सगळं परत गेलं, तर टेबल फुकटचं होतं असं मी संताला सांगेन. एक जरी राहिला तर सात वर्षं पुन्हा पहिल्यापासून."

मास्त्रो म्हणाला, "सात वर्षं? मी सत्तर वर्षांचा आहे गं." आणि त्याने मूठ दोनदा उघडमीट करून दाखवली. अजून चालते म्हणाला.

घरी ह्यांना सांगितलं तर हे जेवताना ताटावरून उठले, इतके हसले. "अगं, शेजारीण गुड मॉर्निंग म्हणाली की तू दाराआड जातेस, आणि परक्या देशात संताचा लिलाव करून आलीस?" मुलगी म्हणाली, "मम, यू आर फेमस." मी दोघांना वाढलं नाही. हातानं घ्या म्हटलं.

मुख्य अडचण पुढेच होती. लोक कोण ते मला कसं ठाऊक असणार? मी एकाचंही तोंड बघितलं नव्हतं. सिन्योराने कपाळावर हात मारून घेतला. मी म्हणाले, हात बघितलेत. ती म्हणाली, कसले हात? मी सांगायला लागले. एका बाईच्या एकाच बोटात दोन अंगठ्या, एक मोठी पुरुषाची. "विधवा, कोपऱ्यावरची," सिन्योरा म्हणाली. एकाचा अंगठा चपटा, नख नाही, तीन घेतल्या. "चांभार." एकीच्या नखांत हिरवं, पालेभाजीचं. एकीच्या मनगटावर भाजल्याचा डाग, इस्त्रीच्या टोकासारखा. सिन्योरा पुढे सरकून बसली. तिला आता गंमत वाटायला लागली होती. प्रत्येक हातामागे तिच्याकडे एक गोष्ट होती, कुणाचं लग्न कसं मोडलं, कोण कुणाशी किती वर्षं बोलत नाही. त्या एका दुपारी मला कोबर्गची जेवढी माहिती कळली तेवढी पुढच्या दहा वर्षांत कळली नाही.

मग रोज काम संपलं की मी डबा घेऊन निघायची. दार वाजवायचं, माणूस बाहेर आला की हात बघायचे, नोट पुढे करायची आणि पाठ केलेलं वाक्य म्हणायचं: माझी चूक, संत जोसेफचं फुकट होतं. पहिल्या दारापाशी मी इतकी वेळ उभी होते की त्यांचा कुत्रा कंटाळून झोपला. दहाव्या दारापर्यंत माझा आवाज मलाच ऐकू यायला लागला.

पैसे घेणं लोकांना देण्यापेक्षा जड गेलं. विधवा म्हणाली, मी तो डॉलर नवऱ्याच्या नावाने दिला, तू माझं पुण्य परत आणलंस होय? तिला समजावायला तिच्या दोन शेजारणी आल्या, त्यांनी कॉफी केली, आणि मी निघाले तेव्हा अंधारायला लागलं होतं. चांभार म्हणाला, मी तीन नाही, पाच घेतल्या होत्या. मी त्याच्या हाताकडे बघितलं आणि तीन बोटं वर केली. त्याने पुन्हा पाच म्हटलं. मी पुन्हा तीन बोटं केली. मग तो हसला आणि बायकोला हाक मारून म्हणाला, हिला फसवता येत नाही. परक्या माणसाला नाही म्हणायची ती माझी पहिली वेळ. पिवळ्या बोटांचा म्हातारा तर म्हणाला, डॉलर परत देतेस तर आणखी एक स्फिंची पण दे, मला त्या दिवशी धक्क्यामुळे चवच कळली नाही. मास्त्रोने त्याच्यासाठी मुद्दाम चार तळून दिल्या. मी तळल्या, खरं तर.

ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा आला तेव्हा डब्यात सहाच डॉलर उरले होते. पण ते कुणाचे ते काही केल्या लागेना. ते हात मला पक्के आठवत होते. उजव्या हाताची पहिली दोन बोटं आणि अंगठा काळपट, धुऊनही न निघणारं काळं, आणि खांद्यावरून आलेला चामड्याचा पट्टा त्याच हाताने धरलेला. सहा स्फिंच्या खोक्यात घालून घेतल्या होत्या आणि इथल्या गोऱ्यांसारखं नो वरीज म्हणाला होता. म्हणजे इटालियन नव्हे. मेकॅनिक, सिन्योरा म्हणाली. दोन गॅरेजांत जाऊन आले, नाही. छापखान्यातला, मास्त्रो म्हणाला. तोही नाही. रविवारी सिन्योरा टेबल काढून ठेवायला गेली आणि न काढताच परत आली, कारण आणखी सात वर्षं लागलं तर, असं म्हणाली.

बुधवारी दुपारी ट्रामने घरी येत होते. गर्दी होती, शाळेची पोरं होती. कंडक्टर आला. मी खाली मान घालून नाणी पुढे केली. त्याने ती उचलली, आणि मी बघितलं. पहिली दोन बोटं आणि अंगठा काळा. दिवसभर नाणी मोजून काळा झालेला. खांद्यावर चामड्याची थैली, तिचा पट्टा.

तो पुढे गेला. माझा स्टॉप आला. मी उतरले नाही. उठून उभी राहिले आणि भर ट्राममध्ये ओरडले, "मिस्टर, सहा डॉलर!" सगळी ट्राम वळली. पोरं खिदळायला लागली. तो म्हणाला, तिकीट एवढं महाग नाही, लव्ह. (इथे कुणालाही लव्ह म्हणतात.) मी म्हटलं, तिकीट नाही, मिठाई, संत जोसेफ, माझी चूक, फुकट होतं. दोन-दोन डॉलरच्या तीन नोटा मी ब्लाउजच्या आतल्या पाकिटातून काढल्या. ते पैसे मी रोज बरोबर घेऊन फिरत होते.

तो नको म्हणाला. बायकोला फार आवडल्या, पैसे वसूल झाले म्हणाला. मी नोटा त्याच्या हातात कोंबायला लागले, तो हात मागे घ्यायला लागला. एक म्हातारी म्हणाली, अरे घे, बाई रडायला आली आहे. मी रडायला आले नव्हते. मला हसू येत होतं आणि ते थांबत नव्हतं. मग मी त्याला सगळं सांगितलं, शिडी, मूठ, नवस, लिलाव, घंटा. कुठल्या इंग्रजीत सांगितलं देव जाणे. ट्राम दोन स्टॉप पुढे गेली आणि कुणी उतरलं नाही.

तो म्हणाला, "म्हणजे हे घेतले नाहीत तर म्हाताऱ्याला आणखी सात वर्षं तळत बसावं लागेल?"

मी म्हटलं, "त्याला नाही. मला."

तो मोठ्याने हसला. तीन नोटा घेतल्या, कंपनीच्या थैलीत न टाकता नीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवल्या, आणि खिशाचं बटण लावलं.

मी तिथून चालत दुकानात गेले. सिन्योरा काउंटरवर होती. मी बिस्किटाचा डबा उचलला, झाकण काढलं आणि तिच्यापुढे उलटा केला. आतून थोडा चुरा पडला, बाकी काही नाही. सगळे डॉलर परत गेले होते.